ट्रेझर हंट जुन्या नाशकात ठेवायचा असेल तर

ट्रेझर हंट जुन्या नाशकात जरूर ठेवा. फक्त सुरुवातीलाच सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा करा आणि ती पिशवी एचआरच्या ताब्यात द्या. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

हल्ली थंडी पडली की शनिवारी सकाळी मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल या पट्ट्यात एकसारखे टी-शर्ट घातलेली टोळकी पळताना दिसतात. काही अंबड-सातपूरच्या कंपन्यांची, काही मुंबई-पुण्याहून आलेली. वायनरी झाली, रिसॉर्टवरची रस्सीखेच झाली, आता 'हेरिटेज ट्रेझर हंट'. मी तिवंध्याच्या बाजूला वाढले आणि नोकरी अंबडला करते, म्हणजे या प्रकरणात दोन्हीकडून सापडते. माहेरच्या गल्लीतून ही वरात जाताना बघायची, आणि ऑफिसात "तू गावातलीच ना, जरा क्लू काढून दे" हेही ऐकायचं.

कल्पनेला माझा विरोध नाही. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, नाहीतर कागदी कपांचे मनोरे रचायचे, त्यापेक्षा गावातल्या बोळांत वाट चुकणं केव्हाही चांगलं. माझा राग आहे तो क्लू काढणाऱ्यांवर. 'काळ्या पाषाणातलं मंदिर ओळखा, समोर सेल्फी काढा, दहा गुण.' 'गोदावरीकाठचं पवित्र कुंड, ग्रुप फोटो, दहा गुण.' हे काय कोडं झालं? रिक्षावाल्याला नुसतं 'चला' म्हटलं तरी तो तिथेच नेऊन सोडेल.

अ‍ॅपवर चालणाऱ्या हंटचं तर गावात हसंच होतं. ठरावीक जागी पोचलात की पुढचा क्लू उघडणार, अशी ती रचना. मोकळ्या आभाळाखाली फोनचा जीपीएस साधारण पाचेक मीटरच्या फरकाने जागा दाखवतो. पण दोन्हीकडे तीन-तीन मजली वाडे आणि मधे स्कूटर जेमतेम जाईल एवढा बोळ असला, की उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोन तुम्हाला शेजारच्या आळीत नेऊन उभं करतो. मग सहा-सात जण हात वर करून फोन हलवत उभे, "इथे दाखवतंय रे", "नाही, मागे गेलं", आणि ओट्यावर दात घासत बसलेले गृहस्थ हा तमाशा मजेत बघतायत.

जीपीएसमुळे या खेळाचा जगभर पसारा वाढला, हे मान्य. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक 2 मे 2000 ला काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात एकाने झाडीत बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. जिओकॅशिंग सुरू झालं ते तिथून. पण ते पडलं रान. रानात विचारणार कोणाला? गावात मात्र पावलापावलावर माणूस आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. त्याला न विचारता फोनला विचारायचं असेल तर गावात आलात कशाला?

एका यादीत मी हा टास्क स्वतः वाचलाय: 'जुन्या वाड्याच्या दारात पूर्ण टीमचा फोटो.' ते दार आमच्या ओळखीच्या एका आजींचं निघालं.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही आजी, फक्त फोटो काढायचाय."

"काढा. झाला की दार ओढून घ्या, मांजर आत येतं."

फोटो निघाला, टोळकं पळालं, दार सताड उघडं.

आजींनी फार मनावर घेतलं नाही, मला मात्र ते खटकलं. त्या दाराची महिरप फोटोत छान येते, पण आत माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, कोणी आजारी असतं. पावसाळा जवळ आला की यातल्या कित्येक वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात. मालक आणि भाडेकरू यांचं पटत नाही, दुरुस्ती कोणी करायची ते ठरत नाही, आणि तुळई काही त्यांच्यासाठी थांबत नाही. असल्या जिन्यावरून पंचवीस जणांना धावत वर न्यायचं, तर आधी कोणीतरी तो जिना बघून यायला नको? गढीचंही तेच. गोदाकाठच्या त्या जुन्या मातीच्या गढीवर 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं, दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या वस्तीचे थर निघाले. आता त्याच गढीची माती पावसात ढासळते आणि कडेच्या घरांतली माणसं जीव मुठीत धरून राहतात. तिथे 'सर्वात भारी व्ह्यूचा फोटो' असा टास्क देणाऱ्याला काय म्हणावं?

काळारामाबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. सरदार ओढेकरांनी बांधलेलं देऊळ, काळा दगड, बांधायला किती वर्षं लागली, हे सगळं क्लूमध्ये येतं. 2 मार्च 1930 येत नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या देवळाच्या दारांशी आली आणि दारं बंद होती. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, दारं काही उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. एचआरवाल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, हे जरा सेन्सिटिव्ह नाही का होणार?" होईल ना. आपल्याच टीममध्ये असे लोक आहेत ज्यांचे आजोबा त्या दाराबाहेर उभे होते, आणि असेही असतील ज्यांचे आतल्या बाजूला होते. माझं म्हणणं, यावर दहा गुणांचा प्रश्न काढूच नका. तिथे घड्याळ थांबवा, सगळ्या टीम एकत्र येऊ देत, माहितगार माणसाने पाच-दहा मिनिटं नीट सांगावं, आणि मग पुढचा कागद द्यावा. हे जमणार नसेल तर मार्ग दुसरीकडून काढा. तारीख गाळून नुसता दगड दाखवणं मला पटत नाही.

बरं, मग चांगला क्लू कसा असतो? माझा एक आवडता आहे. नारोशंकराचं देऊळ 1747 चं आणि त्याची घंटा 1721 ची. देवळाआधी सव्वीस वर्षं घंटा कुठे वाजत होती? फोन पिशवीत असल्यामुळे घाटावर कोणाला तरी विचारावंच लागतं. एक जण सांगतो पेशव्यांनी दिली, दुसरा सांगतो लढाईत मिळाली, आणि त्या दोघांची तिथेच जुंपते. शेवटी कोणीतरी वसई म्हणतं. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथल्या चर्चची ती घंटा. आमच्या घरी मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला अजूनही नारोशंकराची घंटा म्हणतात. (मला म्हणतात.)

दुसरा: 'नाशिकचा पूर कोणाच्या अंगावर मोजतात?' उत्तर दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदापात्रातली मारुतीची उंच मूर्ती, हे नाशिककराला झोपेतही येईल. पण बाहेरून आलेल्या टीमने हे गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) एखाद्या पूजासाहित्यवाल्याला विचारलं की तो नुसतं नाव सांगून सोडत नाही. कमरेपर्यंत म्हणजे काय, छातीपर्यंत आलं की कोण दुकान आवरायला लागतं, गळ्याशी आलं की सराफ बाजारातले लोक काय करतात, 1969 ला काय झालं, 2008 ला काय झालं. अर्धा तास गेला समजा. जाऊ द्या.

भांडी बाजारातला क्लू आमच्या ऑफिसच्या हंटमध्ये मी घातला होता: 'पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते. ती कळकू नये म्हणून आजीने काय केलं असतं?' आमचे प्लांटचे साहेब एका टीमचे कॅप्टन होते. म्हणजे निवड झाली नव्हती, साहेब असले की कॅप्टन तेच. साहेबांना 'कळकते', म्हणजे पितळेमुळे आंबट पदार्थ बिघडतो, हाच शब्द नवीन. त्यांच्या टीममध्ये स्टोअर्समधले एक काका होते, वर्षभर मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडलेले. ते म्हणाले, "साहेब, कल्हई." आणि सरळ एका दुकानात शिरले. दुकानदाराने नुकतंच कल्हई करून आलेलं पातेलं पुढे ठेवलं: आतून चांदीसारखं, बाहेरून पिवळं, काठाला जिथे कापसाचा बोळा शेवटचा फिरला तिथे एक बारीक ओघळ गोठलेला. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, भस्सकन पांढरा धूर येतो, मग कथील लावून कापसाने झरझर पुसून घ्यायचं. काका दुकानदाराच्या आधी पुढची पायरी सांगत होते. त्यांचं आजोळ तांबटांच्या शेजारी होतं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर टीमचा कागद काकांच्या हातात आला, साहेब मागे, आणि साहेबांनीही ते निमूटपणे चालवून घेतलं. टीम बिल्डिंग म्हणून पैसे मोजतात ते याचसाठी ना? ते धावून होत नाही. ज्याला आपण कधी विचारत नाही त्याला विचारायची वेळ आली की होतं.

म्हणून वेगाला गुण देऊ नका, ही माझी दुसरी अट. वेगाला गुण दिले की माणसं पळतात. पळणाऱ्या माणसांना हातगाडी दिसत नाही, गाय दिसत नाही, दुकानापुढे बसलेली भाजीवाली दिसत नाही. शिवाय गाव टेकड्यांवर वसलेलं, नदीपासून वर यायचं तर चढ आणि पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं? ते मग गाडीत बसून राहतात आणि 'सपोर्ट स्टाफ' म्हणवले जातात.

आणि गावात चार पैसे खर्च करा. इव्हेंटवाले माणशी दर लावून घेतात, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्ससुद्धा कॉलेज रोडवरून येतात, आणि ज्यांच्या ओट्यावर तुम्ही बसता त्यांच्या दुकानातून साधी सुपारी घेत नाही. प्रत्येक टीमला थोडी रोख रक्कम द्या आणि हिशेबाला गुण ठेवा. तांब्याचा पेला आणा, चिवडा आणा, पूजेचं ताट आणा. भाव करताना टीममध्ये कोण चिवट आहे तेही कळतं. मी अकाउंट्समध्ये आहे, मला याचं महत्त्व जरा जास्त वाटतं हे कबूल.

क्लू काढणाऱ्यांनी त्याआधी एक दुपार सार्वजनिक वाचनालयात घालवावी. 1840 पासून चालू असलेली संस्था आहे, नाशिकवरची जुनी पुस्तकं तिथे मागा. आणि दुसरी दुपार पायी फिरावं, छत्री किंवा टोपी घेऊन, कुठलाही कागद न घेता.

सगळ्यात अवघड क्लू मी कोणाला देत नाही, पण इथे सांगते. चौकात टीमला उभं करायचं आणि म्हणायचं, खजिना इथेच आहे, शोधा. लोक कोनाडे बघतात, पाराच्या मागे बघतात, दुकानाच्या पाट्या वाचतात. पानवाला बराच वेळ गंमत बघतो आणि मग म्हणतो, "पायाखाली बघा की." रहाड! पेशवाईपासूनचे हे हौद वर्षभर रस्त्याखाली बुजलेले असतात, वर फळ्या, त्यावर माती, त्यावरून रिक्षा जातात. रंगपंचमीला उघडायचे, पूजा करायची, रंगाचं पाणी भरायचं आणि धप्पा मारायचा, म्हणजे त्यात उडी घ्यायची. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. बाहेरच्याला वर्षाचे बाकीचे दिवस तिथे फक्त रस्ता दिसतो.

तारखेचं म्हणाल तर पावसाळ्यात घाटावर नको, बुधवारी गंगेवर बाजार भरतो तेव्हा नको, श्रावणी सोमवारी तर नकोच नको. सिंहस्थाची कामं चालू आहेत तोवर कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचा नेम नाही, आदल्या दिवशी फिरून खात्री करा. मला विचाराल तर रंगपंचमीच्या आदल्या आठवड्यात ठेवा. तेव्हा रहाडी उकरायचं काम चालू असतं. कोणी फावडं हातात दिलंच तर टी-शर्ट मळेल म्हणून मागे सरू नका.