वीज मोजायची ती आवाजाने

बिल हातात पडलं की आधी चष्मा लावा, शेवटचा आकडा दोनदा मोठ्याने वाचा आणि घरात वयाने सगळ्यांत लहान कोण ते बघा. स्थिर आकार, वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क असल्या ओळी वाचायच्या नाहीत, त्यात रागावायला कुणी सापडत नाही. धाकट्याचा चार्जर मात्र सॉकेटला रिकामा लटकत असणारच. चोर मिळाला! तो महिनाभर तसाच राहिला तरी पाव युनिट जळत नाही, असं कुणी म्हणालं तर 'बिल तू भरतोस का?' एवढंच विचारा.

तुमच्या गीझरची चर्चा होऊ देऊ नका. २००० वॉट, म्हणजे अर्ध्या तासात एक युनिट. तुमची अंघोळ स्तोत्रांसकट चालते, बादली वाहत असते, गीझरचा दिवा काही विझत नाही. रोजची ४० मिनिटं धरली तर महिन्याला ४० युनिटं. पण ती तब्येतीसाठी, तिला उधळपट्टी म्हणत नाहीत.

टीव्ही रिमोटने बंद केलात की झोपायला जा. खालच्या सेट-टॉप बॉक्सला हात लावू नका, कोमट लागेल. (आमचं मांजर थंडीत त्यावरच झोपतं. घरात वीज कुठे जाते हे फक्त त्याला कळलंय.) १२ वॉटचा डबा चोवीस तास चालला तर महिन्याला साडेआठ युनिटं होतात. पंखा मात्र मुलांना एकवरच ठेवायला लावा. रेग्युलेटर जुना, खोक्याएवढा असेल तर वाचवलेली बरीच वीज त्यातच तापते, पण शिस्त लागते.

खरा धोका इंजिनिअर पुतण्याचा. तो टॉर्च घेऊन तुम्हाला जिन्याखाली मीटरपाशी नेईल. मीटरवर ३२०० छापलंय, म्हणजे लाल दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. वर सगळं बंद करून तो एकटा गीझर लावायला सांगेल. दहा सेकंदांत सतरा-अठरा लुकलुका! मग तो निरागसपणे म्हणेल, "काका, चार्जरची एक लुकलुक बघायची तर इथे तासभर तरी उभं राहावं लागेल."

उभं राहू नका. 'मीटरच फास्ट आहे' असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणा आणि वर या. चार्जर काढून कपाटात टाका, कुलूप लावा. तोवर पाणी तापलंच असेल.