पसंतीक्रम आणि पीक विमा

जून लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो. इंजिनिअरिंगला प्रवेश बारावीच्या मार्कांवर द्यायचा की सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेवर? लातूर-नांदेडच्या क्लासला दोन वर्षं आणि दीड-दोन एकराचं उत्पन्न घातल्याशिवाय आपल्याकडचं पोट्टं टिकेल का? निवृत्त मुख्याध्यापक असलेले काका बोर्डाच्या बाजूने, नागपुरातला चुलतभाऊ सीईटीच्या. 2014 आणि 2015 साली आपल्या राज्याने बारावी आणि जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा अर्धी-अर्धी धरून प्रवेश देऊन पाहिले आणि 2016 ला पुन्हा सीईटीवर आलो, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण वाद काही संपत नाही. मग कोणीतरी मला विचारतं, "तुमच्या तिकडे कसं असते बापा?"

तिकडे म्हणजे दक्षिण जर्मनी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातून निघून मला इथे येऊन सोळा वर्षं झाली.

इथलं ऐकलं की काका खूश होतात. शेजाऱ्यांच्या मुलाने मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा ना प्रवेशपरीक्षा दिली, ना क्लास लावला. बारावीसारखी परीक्षा पास झाला, ऑनलाइन नाव नोंदवलं, काम झालं. जर्मनीत अभियांत्रिकीच्या बऱ्याच ठिकाणी जागांची मर्यादाच नसते. उलट त्याला आधी काही आठवडे एका वर्कशॉपमध्ये लोखंड घासायला पाठवलं होतं, कारण हाताने काम केल्याचा दाखला लागतो. कानस धरून त्याच्या तळहाताला आलेले फोड त्याने मला कौतुकाने दाखवले. आपल्याकडे हे काम आयटीआयच्या पोरांचं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ते मागितलं तर पालक मोर्चा काढतील.

चाळणी लागते ती आत गेल्यावर. गणित आणि मेकॅनिक्सच्या पेपरांत पहिल्या दोन वर्षांत पोरं धडाधड गळतात. सक्तीच्या एखाद्या विषयात साधारणपणे तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कापलं जातं आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. काका म्हणतात, हेच बरोबर. दार सगळ्यांना उघडं, मग ज्याच्या अंगात दम तो टिकेल.

मलाही बरेच दिवस हेच पटायचं. मग माझी मुलगी चौथीत गेली.

इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतं की मूल विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जाणार की दुसऱ्या. वर्गशिक्षिकेच्या शिफारशीचा कागद घरी आला, तो मी दोनदा वाचला. दहा वर्षांचं लेकरू! मी त्या वयाचा होतो तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला एबीसीडीसुद्धा आलेली नव्हती, कारण इंग्रजी पाचवीपासून होतं. पुढे 2000 साली बारावीच्या पीसीएमच्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताच्या, मार्कांवर मला अमरावतीच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला. पण चौथीत कोणी माझा निकाल लावला असता, तर आज मी आमच्या पाच एकरांत पऱ्हाटीला डवरे देत असतो. तेही वाईट नाही, पण ते मी निवडलेलं नसतं. जर्मनीचं इंजिनिअरिंगचं दार उघडं आहे कारण बरीचशी पोरं फाटकातूनच परत गेलेली असतात. मागून गाडी पकडायची सोय आहे, पण तिला वेळ लागतो. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा काकांनी नुसता अंगठा पाठवला.

तरीही मला हा वाद अर्धवट वाटतो, आणि त्याला कारण माझी भाची.

तिला सीईटीत 96 पर्सेंटाईल होते. लातूर नाही, नांदेड नाही. यवतमाळला खोली करून, मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मिळवलेले. आमच्या घरातल्या पंचवीस वर्षांच्या वादाचा निकाल तिने एकटीने लावला होता. पण पसंतीक्रमाचा अर्ज, म्हणजे कोणतं कॉलेज आधी हवं आणि कोणतं नंतर याची यादी, भरायची वेळ आली ती जुलैत. गावात तो भरून मिळतो महा ई-सेवा केंद्रात, आणि जुलैत तिथे रांग असते पीक विम्याची. भर पावसात लोक सातबारा आणि पेरणीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभे, लाईन दोनदा गेलेली. केंद्रवाल्या पोराने तिला विचारलं, "जवळचंच पायजे न?" ती हो म्हणाली. त्याने जवळच्या शहरातलं एक खासगी कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, खाली आणखी चार, आणि अर्ज कन्फर्म केला. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. हिचे भरले पाच.

पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप पक्की होते; यालाच ऑटो फ्रीज म्हणतात. पुढच्या फेऱ्यांना मग तुम्ही नाही. भाचीला पहिलीच पसंती लागली, केंद्रात पेढेसुद्धा वाटले. आदल्या वर्षीचे कट-ऑफ मी नंतर उघडून बसलो. अमरावतीच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल तरी मिळण्यासारखं होतं. मी बहिणीला फोनवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मले काय मालूम? त्यानं भरून देलं, आमी अंगठा देला."

तो पोरगा वाईट नाही. दिवसाला साठ-सत्तर विमे भरतो, एका अर्जाचे शंभर रुपये घेतो, आणि गावातल्या सगळ्या पोरांचे पासवर्ड त्याच्या एका लांबट वहीत असतात, कारण पोरं विसरतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलीची ट्यूशन आणि परीक्षा फी 2024 पासून पूर्ण माफ आहे, हे त्याला माहीत नव्हतं. बहिणीलाही नव्हतं, तिने फी कमी पडेल म्हणून जवळचं म्हटलं होतं. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, जागा मुलग्यांनाही मिळतात; त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो पर्याय वेगळा भरावा लागतो. ते एक अक्षर सुटलं की चार वर्षांची ट्यूशन फी अंगावर. नागपुरातल्या चुलतभावाच्या मुलाचा अर्ज मात्र तीन रात्री बसून भरला होता, मागच्या कट-ऑफची एक्सेल करून. माझ्याच मदतीने. भाचीने मला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही असतं हेच तिला माहीत नव्हतं. आणि मलाही फोन करायचं सुचलं नाही. परदेशात बसून मत द्यायला मात्र मी दर जूनमध्ये हजर.

म्हणून परीक्षा कोणती यावर मला आता फारसं बोलायचं नाही. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या दोन शिक्षकांनी जुलैत आठवडाभर पोरांचे पसंतीक्रम बघून द्यावेत आणि त्यांना त्याचे पैसे मिळावेत, एवढंच मागणं आहे. काका म्हणतात, शिक्षकांना आधीच कामं कमी आहेत का? खरं आहे. मग निदान अर्ज कन्फर्म होण्याआधी पडद्यावर मराठीत ठळक यावं, की हेच कॉलेज लागलं तर पुढची दारं बंद.

यंदा धाकटा भाचा बारावीला आहे. त्याला सांगून ठेवलंय, केंद्रात खाती उघड, पण पासवर्ड त्या वहीत लिहू देऊ नकोस. तो म्हणाला, "मामा, तो तर लिवला बी."