‘काहीतरी खाल्लं असेल’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पिल्लांच्या जुलाब-उलट्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं: शहरातल्या लोकांनी कुत्रं पाळणं महाग करून ठेवलंय. तुमच्या दारात साठ वर्षांत कुत्रं नाही असं कधी झालं नाही. पिल्लाचं पोट बिघडलं की ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणायचं, एक दिवस लंघन, दुसऱ्या दिवशी ताक-भात, एवढ्यावर ती बरी व्हायची. उठसूट डॉक्टरकडे पळा असं सांगणं म्हणजे गरिबाला कुत्रं पाळूच नको म्हणण्यासारखं आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘मागच्या वर्षी दोन पिल्लं गेली, त्यांचं आयुष्यच तेवढं. आता तिसरं आणलंय.’

त्या शेवटच्या ओळीसाठी हे एवढं लांब उत्तर लिहितेय.

आधी तुमचं जिथे बरोबर आहे तिथे मान्य करते. पातळ शी दिसली की ताबडतोब डॉक्टर, असं मी सरसकट लिहिलं होतं. ते चुकलं. वयाप्रमाणे सगळ्या लसी वेळेवर झालेलं तीन-चार महिन्यांचं पिल्लू, शेपटी हलवतंय, अंगावर उड्या मारतंय, वाटी चाटूनपुसून खातंय आणि दोनदा पातळ शी झाली, तर एक दिवस घरी बघायला हरकत नाही. खाणं बदललं, दूध जास्त झालं, कुणी जेवताना घास टाकला, एवढ्यानेही पोट बिघडतं. बिनमिठाचा मऊ भात, त्यात कातडी काढून उकडलेली कोंबडी कुस्करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं. ताकाचंही तुमचं चूक नाही; दुधापेक्षा ते पिल्लाला सोसतं, कारण विरजताना दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते. फक्त मीठ आणि फोडणी नको. शिवाय मी ज्या गावात राहते तिथे डॉक्टर दहा मिनिटांवर आहे. तुमच्याकडे तालुक्याला जायचं तर एसटीची वाट बघावी लागते, हे लिहिताना माझ्या लक्षात राहिलं नाही. लेखात तसा बदल करते आहे.

पण लंघनाचं मात्र मान्य करता येत नाही.

तुम्ही ते कुठून घेतलंत ते मला माहीत आहे. मोठ्या कुत्र्याला बारा ते चोवीस तास उपाशी ठेवा, असं डॉक्टरच वर्षानुवर्षं सांगत आले. मोठं कुत्रं ते काढतंही. पिल्लाचं शरीर तसं नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा, अंगावर चरबी नाही, मांस नाही. दोन-अडीच किलोचं पिल्लू काही तास उलट्या-जुलाब करत उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरते. मग ते थरथरतं, पाय टाकताना झोकांड्या खातं, अंग गार पडतं, झटकेही येतात. बघणाऱ्याला वाटतं पिल्लू शांत झोपलंय, बरं वाटत असेल. ती झोप नसते. अशा वेळी मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं आणि निघायचं. आता तर पार्व्हो या ज्या आजाराबद्दल पुढे सांगते आहे त्याने अगदी गंभीर झालेल्या पिल्लांनाही लवकर अन्न सुरू करतात. २००३ साली अशा पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उलट्या थांबायची वाट न बघता ज्यांना नळीने थोडं थोडं अन्न दिलं, ती उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारली. आतड्याच्या अस्तराला आतूनच पोषण लागतं, म्हणून.

आता तुमच्या साठ वर्षांबद्दल. तुमचा अनुभव खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण तुम्ही लहान होतात तेव्हा पार्व्हो हा रोगच नव्हता. कुत्र्यांमधला हा विषाणू १९७८ च्या सुमारास उघडकीला आला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. तुमच्या वडिलांनी लंघन आणि ताक-भातावर जी पिल्लं बरी केली, त्यांना हा आजार झालेलाच नव्हता. आज दारात पिल्लू ओकतं तेव्हा तो असू शकतो, आणि पहिल्या दिवशी तो हुबेहूब ‘काहीतरी खाल्ल्या’सारखा दिसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. सहा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका कुत्रीने पाच पिल्लं दिली. भाद्रपद सरला की दोनेक महिन्यांनी गल्लोगल्ली पिल्लं होतात, त्यातलीच ही. थंडी वाढली तशी दोन मी घरात आणली, बुंदी आणि काळू. शेजारच्या कार्यालयात लग्न होतं, बाहेर पत्रावळींचा ढीग. संध्याकाळी बुंदी दोनदा ओकली. मी म्हटलं, लग्नाचं खरकटं खाल्लं असेल, रात्रभर पोटाला आराम देऊ. सकाळी शी नव्हती, लालसर पाणी होतं आणि त्याला असा वास, की एकदा घेतला की माणूस विसरत नाही. डॉक्टरांनी शीचा नमुना घेऊन पट्टीवर तपासला, दहा-पंधरा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे पार्व्होच. त्याच रात्री ती गेली. काळू तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा ओकला, त्याला मी त्याच तासाला नेलं. पाच दिवस सलाईन चाललं. काळू आत्ता माझ्या पायाशी घोरतोय. दोघं एकाच आईची, एकाच वयाची. फरक फक्त मी घालवलेल्या त्या एका रात्रीचा होता असं मी आजही मानते.

हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, ते घडवणाऱ्या पेशीच तो मारतो. अस्तर झडतं, रक्त-पाणी बाहेर वाहतं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. त्याच वेळी हाडांच्या मगजातल्या पेशी मरतात, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही उरत नाहीत. उपचार न केलेली दहातली नऊ पिल्लं जातात. वेळेत सलाईन, उलटी थांबवणारं औषध आणि प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक वाचतात. यावर विषाणूला मारणारं घरगुती औषध नाही. हळदीने अपाय होत नसेल, पण हळद देऊन वाट बघण्याने होतो.

‘पूर्वी जगायची’ याबद्दल अजून एक. जगली त्यांची आठवण राहते. पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची ३६४ पिल्लं जन्मापासून बघितली. वयात येईपर्यंत त्यातली १९ टक्केच उरली. सगळी आजाराने गेली असं नाही, बरीच माणसांमुळे गेली. पण आपल्या आजी-आजोबांच्या दारात एका वेतातली किती पिल्लं मोठी झाली, हे एकदा आठवून बघा.

म्हणून ‘काहीतरी खाल्लं असेल’ हे वाक्य मला खुपतं. ते खोटं असतं म्हणून नव्हे. बऱ्याचदा खरंही असतं, आणि तरी त्यात दिलासा नसतो. काय खाल्लं, हा पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसणाच्या रश्श्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शुगरफ्री च्युइंगममधल्या झायलिटॉलने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते. चॉकलेट तर सगळ्यांना माहीत आहे. बुरशी आलेल्या भाकरीने आणि उकिरड्यावरच्या नासलेल्या अन्नाने नुसते जुलाब नव्हे, अंगाला कापरंही भरतं. आणि मे-जूनमध्ये आंब्याची कोय! ती विष नाही, पण आतड्यात अडकली की पिल्लू सारखं ओकतं, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

उंदराच्या औषधाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण गावात धान्याच्या कणगीशेजारी ते ठेवलेलंच असतं. काळसर भुकटी पिठाच्या गोळ्यात घालून ठेवतात, ते झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी भेट झाली की त्याचा विषारी वायू होतो, आणि पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं. म्हणजे ‘विष उतरायला दूध पाजा’ हा उपाय इथे उलटा पडतो. काही भरवू नका. पिल्लाच्या तोंडाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर गाडीच्या काचा उघड्या ठेवून न्या, तो वायू माणसालाही बाधतो. दुसरं, रंगीत वड्यांचं औषध. ते खाऊन पिल्लू दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं, मग हिरड्यांतून, नाकातून, शीतून रक्त जायला लागतं. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो रक्तस्राव सुरू व्हायच्या आत मिळाला तर सोपं जातं. दोन्ही वेळी औषधाचं पाकीट बरोबर न्यायचं. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. इवल्या पिल्लाच्या रक्तातलं मीठ वाढून ते मेंदूवर जातं, मूळ विषाआधी मीठच त्याला मारू शकतं.

घरातल्या डब्यातल्या गोळ्याही नकोत. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, आधीच सोललेल्या आतड्यात जखमा होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. जुलाब बंद करायच्या गोळीने शी थांबते, आत जे चाललंय ते थांबत नाही.

तुमचा खरा प्रश्न अंतराचा आणि पैशाचा आहे, म्हणून तुमच्या अंगणातून विचार करून बघते. चार महिन्यांच्या आतलं, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू ओकतंय आणि खायला तोंड फिरवतंय, तर रक्त दिसायची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं. शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसणं, यातलं एक जरी असलं तरी तेच. तापमापक असेल तर शेपटीखालून बघा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं. ताप असणं वाईट, पण ९९ च्या खाली जाणं त्याहून वाईट.

रात्र आहे, एसटी सकाळी आहे, तर मधले तास वाया घालवू नका. पिल्लू शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर ओआरएसचं पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक छोटा चमचा चाटू द्या. घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. एकदम वाटीभर दिलं तर सगळं बाहेर येईल. गोणपाटात गुंडाळून ऊब द्या. शीचा थोडा नमुना प्लास्टिकच्या डबीत घ्या. तालुक्याच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात कुत्रीही बघतात आणि केसपेपरचे पैसे नाममात्र असतात. तिथे सलाईन आहे का, डॉक्टर कधी असतात, हे पिल्लू ठणठणीत असतानाच विचारून ठेवा. पहाटे धावपळीत ते विचारणं होत नाही.

आता तुमची दोन पिल्लं. लांबून मी निदान करू शकत नाही आणि करूही नये. पण एकाच अंगणात एकापाठोपाठ दोन पिल्लं गेली असतील, त्यांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले असतील, तर ते त्यांचं आयुष्य तेवढं होतं म्हणून झालं असं मला वाटत नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाइलने तो मरेल याची खात्री नाही, साबणाने तर नाहीच. फरशी धुऊन मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओली ठेवली तर मरतो, पण सारवलेल्या जमिनीला आणि परसातल्या मातीला ते करता येत नाही. जुनी वाटी, गोणपाट, साखळी मात्र टाकून द्या. आणि नवं पिल्लू लसी पूर्ण होईपर्यंत त्या जागी सोडू नका. माडी असेल, पडवीची दुसरी बाजू असेल, तिथे ठेवा.

पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. ‘एक लस दिली होती तरी मेलं’ असं बरेच जण सांगतात. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत ती लसीला जोर धरू देत नाही, आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा द्यायची. हा खर्च आहे, खोटं कशाला बोलू. पण चार-पाच दिवसांच्या सलाईनपेक्षा तो पुष्कळ कमी आहे. जंताचं औषधही विचारा. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात जातात, म्हणून दोन आठवड्यांच्या पिल्लापासून ते देतात. लस लागू व्हायला पिल्लू आधी धड असावं लागतं.

काका, तिसरं पिल्लू किती आठवड्यांचं आहे, कुठून आणलंत, आईपासून कधी तोडलं आणि त्याला आत्तापर्यंत काय टोचलंय, एवढं इथेच खाली लिहा. आज लिहिलंत तर बरं होईल.