तेरला गेलात तर या बाईला भेटल्याशिवाय परतू नका

गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला लोक लांबलांबून धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला येतात आणि त्यातले कितीतरी जण रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात न डोकावताच गाडीत बसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मराठवाड्यातली माझी सर्वांत लाडकी शिल्पं वेरूळला नाहीत, इथं आहेत, आणि ती तळहातावर मावतील एवढी आहेत.

पहिली अर्थातच हस्तिदंती बाई. सातवाहन काळातली. अंगावर वस्त्र नाही, पण दागिन्यांचा थाट बघत राहावा असा. हिचीच बहीण शोभेल अशी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथं पोचली होती! ती घडली कुठं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तिच्यावर खरोष्ठी, म्हणजे भारताच्या वायव्येकडं चालणाऱ्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे म्हणून काही जण तिकडं बोट दाखवतात. पण आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननातही तशाच मूर्तीचा खालचा भाग मिळालाय. तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचं, हे त्या काळच्या ग्रीक टिपणातच लिहिलंय. कापडासोबत एखादी बाईही गेली असेल, असं मला तरी वाटतं.

तरीही मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या मूर्तींपाशी. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्ही अर्धे जोडायचे, आत पोकळ. नीट बघितलं तर कानामागून खाली उतरणारी सांध्याची रेघ दिसते. ती रेघ बोटानं पुसून घेणारा कारागीर माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. काय त्या केशरचना, काय ती कर्णफुलं! राजाचं नाव कोरलेल्या शिलालेखापेक्षा मला हे चेहरे जवळचे वाटतात.

आणि हे सगळं टिकलं कशामुळं? गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, आणि शेतात सापडेल ते लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलं म्हणून. नाहीतर नांगराखाली चुरा झाला असता.

सहली वेरूळ-अजिंठ्याला जाव्यातच. पण धाराशिव, लातूर, बीडच्या पोरांनी आधी तेर बघावं. आमच्या गावच्या गुरुजींना मी सांगून ठेवलंय, यंदा सातवीची सहल तेरला काढा, गाडीचं आम्ही पालक बघतो.