"तुमचा छंद मोठा की आमची मुलं?" या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही नाव लिहिलं नाहीत, खाली फक्त 'एक आई' एवढंच लिहिलंत, म्हणून ताई म्हणतोय. इथे ब्रिटनमध्ये २०१८ साली पॉइंट फिफ्टी रायफलींवर (म्हणजे अर्धा इंच जाडीची गोळी मारणाऱ्या) येऊ घातलेली बंदी कशी टळली त्यावर मी लिहिलं होतं आणि त्यात माझा आनंद काही लपला नव्हता. त्यावर तुम्ही लिहिलंत, "दीड किलोमीटरवरून माणूस मारता येईल असली रायफल कुणाला घरात कशाला लागते? तुमचा छंद मोठा की आमची मुलं? आणि उद्या खरंच बंदी आली तर निमूटपणे जमा कराल की अमेरिकेतल्यासारखं हक्क हक्क करत बसाल?" दोन दिवस झाले, उत्तर डोक्यात फिरतंय, आज बसून लिहितोय, लांबेल जरा.

आधी एक गोष्ट. तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघातिघांनी "आधी माहिती घ्या मग बोला" असं लिहिलंय ते मला अजिबात आवडलेलं नाही. ते माझ्याच बाजूचे आहेत, शूटरच आहेत, तरी सांगतो, चुकलंय त्यांचं. १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेच्या जिममध्ये १६ लहान मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या, आणि ज्याने मारलं त्याच्याकडची पिस्तुलं चोरीची नव्हती, लायसन्सवरची होती. कागदोपत्री तो माणूस आमच्यासारखाच होता. हे माहीत असताना एखाद्या आईच्या पोटात गोळा आला तर तिला माहिती कमी आहे असं कसं म्हणायचं? उलट तिला नको तेवढी माहिती आहे.

आता रायफलीबद्दल. मी स्वतः पॉइंट फिफ्टी वापरत नाही, माझी ७.६२ मिलिमीटर गोळीची टार्गेट रायफल आहे, सिंगल शॉट, म्हणजे एक काडतूस हाताने घालायचं, बोल्ट, म्हणजे नळीची मागची कडी, बंद करायचा, मारायचं, बोल्ट उघडायचा, परत दुसरं घालायचं. १००० यार्डांवर गोळी पोचायला दीड सेकंदाच्या वर लागतं आणि आडवा वारा ताशी १० मैलांचा असला तर तेवढ्या वेळात ती दोन-अडीच मीटर बाजूला सरकते, आणि तिकडचा बुल, म्हणजे टार्गेटचा मधला गोल, असतो साधारण दोन फुटांचा. म्हणजे सगळा खेळ वाऱ्याचा आहे. झेंडे बघायचे, दुर्बिणीतून मिराज (तापलेल्या हवेच्या लाटा) कुठे वाहतोय ते बघायचं, साइटवर किती क्लिक द्यायचे ते ठरवायचं, आणि तोपर्यंत वारा बदललेला असतो. माझं आयुष्यातलं सगळ्यात शांत डोकं मी या अंतरावर अनुभवलंय, खरं सांगतो. पॉइंट फिफ्टीवाले हेच करतात, फक्त त्याहून लांब, मैलभरापर्यंत, कारण जड गोळी वाऱ्यात कमी ढळते. त्यांच्या रायफली १२-१५ किलोच्या असतात, पोटावर झोपून, रायफल तिच्या पुढच्या दोन पायांच्या स्टँडवर टेकवल्याशिवाय त्यातून काही होत नाही, आणि कुठल्याही रेंजवर चालत नाहीत, बहुतेक वेळा सैन्याच्या मोठ्या रेंजेस लागतात.

"लागते कशाला" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, ताई. जगायला नाही लागत. खेळायला लागते.

पण तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे तेही कबूल करतो. सरकारने २०१८ च्या त्या बंदीच्या बिलात रेषा ओढली होती १३,६०० जूलवर (जूल हे ऊर्जेचं माप), म्हणजे नळीतून बाहेर पडताना गोळीत त्यापेक्षा जास्त ऊर्जा असेल तर बंदी. माझ्या ७.६२ ची साधारण साडेतीन हजार जूल असते, छोट्या गोळीच्या पॉइंट टू-टू ची दीडशेच्या आसपास, आणि पॉइंट फिफ्टीची १५ हजारांच्या वर. पोलिसांची भीती अशी होती की अशी एखादी चोरीला जाऊन नको त्या हातात पडली तर पोलिसांची जॅकेटं तिच्यापुढे काही कामाची नाहीत. आणि ही भीती हवेतली नाही. उत्तर आयर्लंडमध्ये नव्वदच्या दशकात आयआरए या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी याच कॅलिबरच्या, म्हणजे याच जाडीच्या गोळीच्या, रायफलीने सैनिक आणि पोलिस मारलेत. त्या रायफली ब्रिटनमधल्या लायसन्सवाल्या शूटरच्या नव्हत्या, बाहेरून चोरून आणलेल्या होत्या, पण रायफल तर तीच ना. आमच्यातले काहीजण हा इतिहास सांगायचाच टाळतात, मला ते पटत नाही.

मग मी बंदीच्या विरोधात का होतो? कारण रेषा ऊर्जेवर ओढली की धोका मोजला असं वाटतं, आणि तो मोजला गेलेला नसतो. दीडशे जूलची पॉइंट टू-टू सुद्धा माणूस मारते. कॅनडाने २०२० मध्ये अशीच रेषा १०,००० जूलवर ओढली, ब्रिटन १३,६०० म्हणत होतं, मग खरा आकडा कुठला? दोन्हीकडे पॉइंट फिफ्टी बाहेर जाईल आणि तिच्या खालच्या शिकारीच्या मोठ्या रायफली आत राहतील असं बघून आकडा बसवलेला दिसतो. चोरीची भीती आहे ना, तर चोरीचा बंदोबस्त करा, बोल्ट वेगळा ठेवायला लावा, जाड कपाट, अलार्म, जे म्हणाल ते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ७० हून जास्त खासदारांनी दुरुस्तीवर सह्या केल्यावर सरकारने ते कलम मागे घेतलं, आणि नंतर २०२० मध्ये याच रायफली ठेवायच्या सुरक्षेवर लोकांची मतं मागवली, तेव्हा मी स्वतः लिहून पाठवलंय की नियम कडक करा. हे मागच्या लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं, त्यामुळे आम्ही नुसते जिंकलो म्हणून नाचतोय असं तुम्हाला वाटलं असेल तर तो दोष माझ्या लेखाचा आहे.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते.

डनब्लेननंतर लॉर्ड कलन यांची चौकशी झाली, त्यात बाहेर आलं की १९९१ मध्येच एका पोलिस अधिकाऱ्याने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की या माणसाचं सर्टिफिकेट काढून घ्या, हा बरा माणूस नाही. काही झालं नाही. पाच वर्षं तो कागद पडून होता. मग पिस्तुलं बंद झाली, १९९७ मध्ये, आणि २४ वर्षांनी, १२ ऑगस्ट २०२१ ला प्लिमथमध्ये एकाने आधी आईला मारलं, मग रस्त्यावर चार जणांना, त्यात तीन वर्षांची मुलगी होती. पिस्तूल नव्हतं, पॉइंट फिफ्टी तर नव्हतीच, पंप अ‍ॅक्शन शॉटगन होती, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, लायसन्सवरची. त्याच माणसाने आदल्या वर्षी पार्कमध्ये दोन पोरांना मारहाण केली होती, त्यावरून पोलिसांनी त्याची बंदूक आणि सर्टिफिकेट काढून घेतलं होतं, आणि जुलैमध्ये परत दिलं! परत दिलं, आणि काही आठवड्यांत पाच माणसं गेली. २०२३ च्या इन्क्वेस्टमध्ये, म्हणजे मृत्यूंच्या कोर्टातल्या चौकशीत, ज्युरीने लायसन्स विभागाचे गंभीर दोष नोंदवले. मी ते सगळं वाचून काढलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, कारण तेव्हा माझ्या मनात आलं की आपण इतकी वर्षं जूल आणि कॅलिबर आणि मॅगझिन यावर भांडलो, सरकारही भांडलं, आणि ज्या टेबलावर एक कारकून सही करतो त्या टेबलाकडे आपल्यापैकी किती जणांनी बघितलं?

माझं म्हणणं "आम्ही चांगले लोक आहोत, विश्वास ठेवा" असं असेल असं तुम्हाला वाटतंय, तुमच्या लिहिण्यावरून तरी. तसं नाहीये. विश्वास ठेवू नका, मला तपासा. नीट तपासा, सारखं तपासा. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, त्यावर एकेक रायफल नंबरासकट लिहिलेली असते, किती राऊंड विकत घ्यायचे किती घरात ठेवायचे ते सुद्धा लिहिलेलं असतं. क्लबमध्ये आधी किमान तीन महिने प्रोबेशनवर काढावे लागतात, दोन माणसांचे रेफरन्स, डॉक्टरकडून माझ्या तब्येतीची आणि डोक्याची माहिती, मग पोलिसांचा माणूस घरी येतो. माझ्याकडे आला होता तेव्हा कपाट भिंतीला बोल्टने पक्कं आहे की नाही ते त्याने हलवून बघितलं, किल्ली कुठे ठेवता ते विचारलं, मग बायको चहा टाकायला गेली होती तिच्याशी किचनमध्ये जाऊन वेगळं बोलला, घरात भांडणं होतात का, हे रागावले की काय करतात असं विचारलं तिला. बाहेर आली तेव्हा ती जरा अवघडली होती. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, कारण हाच प्रश्न प्रत्येक घरात विचारायला हवा आणि त्याचं उत्तर कुणीतरी लिहून ठेवायला हवं. किल्ली कुठे असते ते आजही तिला माहीत नाही, सर्टिफिकेट माझ्या एकट्याच्या नावावर आहे म्हणून तिला माहीत असता कामा नये, असा नियमच आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फायरआर्म सर्टिफिकेटवाले, म्हणजे रायफलवाले, दीड लाखांच्या आसपास आहेत, शॉटगनवाले त्याच्या तिपटीहून जास्त. एवढ्या लोकांना नीट तपासायला माणसं लागतात, ट्रेनिंग लागतं, पैसा लागतो, आणि फी वाढवायची म्हटली की आमच्यातलेच ओरडतात. मी नाही ओरडणार. घ्या जास्त फी, पण त्या टेबलावर शिकलेला माणूस बसवा.

१९९७ चा कायदा उलटा फिरवा असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्याने खेळाचं नुकसान झालं हे खरं आहे, पिस्तूलवाल्यांना सरावाला परदेशात जावं लागलं, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी सुद्धा खास परवानग्या काढाव्या लागल्या. पण ज्या लोकांनी डनब्लेननंतर सात लाखांच्या आसपास सह्या गोळा केल्या त्यांच्यासमोर उभं राहून "माझा इव्हेंट गेला हो" असं मला म्हणवणार नाही.

राहिल्या त्या मार्स आणि लिव्हर रिलीज रायफली, ज्या त्याच बिलाचा २०१९ मध्ये कायदा झाल्यावर खरंच बंद झाल्या. तुम्ही त्याबद्दल काही विचारलं नाहीत पण सांगतो. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या हंगरफर्डला १६ जण मारले गेले, त्यानंतर पुढच्या वर्षी सेमी ऑटोमॅटिक सेंटरफायर रायफली, म्हणजे दरवेळी आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या मोठ्या रायफली, बंद झाल्या. मग काही कारागिरांनी या मार्स आणि लिव्हर रिलीजची रचना काढली, त्यात गोळी सुटल्यावर बोल्ट आपोआप मागे जातो पण तिथेच अडकतो, तो पुढे आणायला परत ट्रिगर ओढायचा किंवा अंगठ्याने लिव्हर दाबायचा. कायद्याच्या अक्षरात बसतं, पण कायदा ज्यासाठी केला त्याला वळसा आहे, असं माझं मत आता झालंय, आधी नव्हतं. तेव्हा मी विरोधाच्या पत्रावर सही केली होती ती आमच्या क्लबमधल्या एका काकांसाठी, त्यांना संधिवात आहे, बोटं वळतच नाहीत, बोल्ट धरून ओढणं जमत नाही, लिव्हर अंगठ्याने दाबता यायचा म्हणून त्यांचं शूटिंग चालू होतं. अशा लोकांसाठी कायद्यात दोन ओळींची सोय ठेवता आली असती असं मला आजही वाटतं आणि ती ठेवली नाही याचं वाईट वाटतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, जमा कराल का. हो. खासदाराला पत्र लिहीन, कमिटीपुढे बोलायला मिळालं तर बोलीन, हरलो तर जमा करीन. हक्क म्हणून माझ्याकडे रायफल नाहीच, परवानगी म्हणून आहे, आणि परवानगी देणाऱ्यांत तुम्हीही आहात. त्या काकांनी तेच केलं, मुदत जाहीर झाल्यावर पहिल्या आठवड्यात रायफल पुसून, तेल लावून, पोलिस स्टेशनला नेऊन दिली आणि पावती घेऊन आले. मी गाडी चालवायला बरोबर गेलो होतो. येताना बोलले नाहीत काही. आता दर शनिवारी रेंजवर येतात, नव्या मुलांच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि त्यांना वारा वाचायला शिकवतात.