‘कुणाचं?’ असे विचारणारे दुकान

गेल्या शनिवारी सांगलीत हरभट रस्त्यालगतच्या गल्लीतल्या सीडी-कॅसेटच्या जुन्या दुकानातून मी तीन सीडी आणि एका मराठी नाटकाची डीव्हीडी विकत घेतली. घरी आल्यावर मुलीने विचारले, “बाबा, हे सगळं मोबाइलवर असताना आठशे रुपये कशाला घालवलेत?” प्रश्न रास्त होता. तेव्हा दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे.

या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांचे बोट धरून. त्या काळी दुकानाच्या तिन्ही भिंती कॅसेटच्या डब्यांनी छतापर्यंत भरलेल्या असत. आता पुढचा अर्धा भाग मोबाइलची कव्हरे, चार्जर आणि इअरफोन यांनी घेतला आहे, आणि संगीत मागच्या दोन मांडण्यांवर उरले आहे. मात्र त्या मांडण्यांवरची रचना काकांनी (दुकानदारांना सगळी सांगली काकाच म्हणते) अजून बदललेली नाही. वरच्या फळीवर शास्त्रीय गायन, तिच्याखाली वादन, मग नाट्यसंगीत, भावगीते, अभंग, लावणी, आणि सर्वांत खाली चित्रपट. आपण एखादे नाट्यपद मागितले, की काकांचा पहिला प्रश्न असतो, “कुणाचं पाहिजे?” एकच पद चार गायकांनी चार तऱ्हांनी गायलेले असते, आणि कोणाचे हवे ते ठरल्याशिवाय गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे ते कळत नाही, ही त्यांची पक्की धारणा आहे. लहानपणी मला या प्रश्नाची भीती वाटायची, कारण उत्तर माहीत नसायचे. पण उत्तर येत नाही म्हणून काकांनी कधी कुणाला परत पाठवले नाही. ते दोन-तीन कॅसेट काढत, एकेकीतला थोडा भाग लावून दाखवत, आणि डबीतले कार्ड उलगडून पुढ्यात ठेवत.

त्या कार्डाविषयीच मला मुख्यतः लिहायचे आहे. दुमडलेल्या त्या चिटोऱ्यावर पदाचे बोल, नाटकाचे नाव, पद लिहिणारा, चाल देणारा, राग, ताल आणि साथसंगत असे सगळे बारीक टाइपात छापलेले असे. बालगंधर्वांच्या गाण्यामागे अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, हे मला कुठल्या पुस्तकातून समजलेले नाही. काकांच्या काउंटरवर कोपरे टेकवून उभा असताना समजले. गाणे ऐकायचे ते नावांसकट, ही सवय तिथे लागली, आणि ती लागल्यानंतर कानही बदलतो. तबला कुणाचा आहे ते ठाऊक असले, की आपण तबला ऐकू लागतो.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभापासून आपल्याकडे गाणे आणि नाव यांची फारकत झालेली नव्हती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले, तेव्हा गायिका गौहरजान यांनी तीनेक मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने उच्चारले. मेणावर मुद्रित झालेले ते गाणे तबकडी तयार करण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जाणार होते, आणि तिथल्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणते नाव चिकटवायचे ते कळावे म्हणून ही सोय होती. सोय कारखान्याची होती हे खरे. तरीही ती जुनी मुद्रणे ऐकताना, गाणे संपता संपता आलेली ती ओळख कानावर पडली की माझ्या अंगावर काटा येतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची एक बाई स्वतःचे नाव सांगून जाते आणि ते आजही ऐकू येते.

आता हातातल्या मोबाइलकडे पाहावे. मी स्वतः पैसे भरून एक ॲप वापरतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. नाट्यपद शोधले की शीर्षक रोमन लिपीत येते, तेही तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, आणि ‘ळ’चे काय करायचे हे कोणालाच सुचलेले नसते. कलाकाराच्या जागी कधी गायक असतो, कधी संगीतकार. नाटकाचे नाव बहुधा नसतेच. त्याऐवजी कुठल्यातरी निवडक गाण्यांच्या संग्रहाचे नाव असते. सालाचा घोटाळा तर अधिक गंभीर आहे. गाणे ज्या वर्षी ॲपवर चढवले किंवा ज्या वर्षी तो संग्रह निघाला ते वर्ष तिथे दिसते, त्यामुळे १९५०च्या सुमाराचे मुद्रण २०१२ सालचे ठरते. पेटी कोणी वाजवली, तबला कोणाचा, हे विचारायला तिथे जागाच नाही. आणि फळ्यांची जागा घेतली आहे ती ‘मूड’ने. प्रवास, पाऊस, प्रेम, पार्टी असे कप्पे असतात आणि त्यांत गाणी ओतलेली असतात.

हे मला जास्त लागते, कारण मी सांगलीचा आहे. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले. नाटककार देवल इथून हाकेच्या अंतरावर, हरिपूरला जन्मले. नाटककार खाडिलकर सांगलीतच जन्मले. शेजारी मिरज, जिथे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले आणि जिथे सतारी-तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यावर हात फिरवत बसलेली आहेत. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य कुठल्या गावचे हे जगाला कळावे म्हणून सरकारदरबारी नोंद होते, आणि तेच वाद्य मैफलीत कोणी छेडले त्याचे नाव मात्र पडद्यावरून पुसले जाते, या विसंगतीकडे आपण सांगली-मिरजेच्या माणसांनी तरी डोळेझाक करू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरा मुद्दा मालकीचा आहे. विकत घेतलेली सीडी माझी असते. ती मी बहिणीला देऊ शकतो, मित्राला ऐकायला देऊ शकतो, उद्या नको झाली तर विकू शकतो. ॲपवर मी ऐकण्याची परवानगी तेवढी महिन्याच्या बोलीने घेतो. कंपन्यांचे आपापसातले करार संपले, की काल ऐकलेले गाणे आज यादीत राखाडी झालेले दिसते. माझ्या यादीतली अशी अकरा गाणी गेली. त्यांपैकी चार परत आली, बाकीची अजून आलेली नाहीत.

डिजिटल माध्यमाने फार मोठे उपकार केले आहेत, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या एखाद्या वस्तीवरची मुलगी आज किराणा घराण्याचे गाणे हवे तेव्हा ऐकू शकते; माझ्या लहानपणी ते सांगलीतसुद्धा सहज मिळत नव्हते. अनेक संग्राहकांनी स्वतःच्या तबकड्या धुऊन-पुसून यूट्यूबवर ठेवल्या आहेत आणि सोबत लेबलाचा फोटो, मुद्रणाची माहिती असे सगळे निगुतीने लिहिले आहे. म्हणजे पडद्यावर माहिती देता येत नाही असे मुळीच नाही. एक माणूस आपल्या खिशातून हे करतो, तर महिन्याला पैसे घेणाऱ्या कंपन्यांना ते का करता येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाटक-चित्रपटांच्या बाबतीत तर दुकानाची गरज आणखी खरी आहे. जुने मराठी चित्रपट आणि नाटकांची चित्रणे यांतली कितीतरी आज कुठल्याही ॲपवर सापडत नाहीत, किंवा सापडली तरी श्रेयनामावली कापलेली असते. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांच्या चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिती जळाल्या, तेव्हापासून मला एक गोष्ट पटली आहे, की एखाद्या कलाकृतीची प्रत एकाच ठिकाणी असण्यापेक्षा पन्नास घरांतल्या पन्नास कपाटांत असणे बरे. परवा घेतलेल्या त्या डीव्हीडीच्या वेष्टनावर नेपथ्यकारापासून रंगभूषाकारापर्यंत सगळ्यांची नावे आहेत. काकांकडे ती शेवटची प्रत होती.

अर्थात कपाटेही सुरक्षित नसतात, हे सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या आम्हा लोकांना वेगळे सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात छातीएवढे चढले आणि वडिलांचा संग्रह खालच्या दोन कप्प्यांत होता. पाणी ओसरल्यावर एकेक वस्तू काढली, तेव्हा कळले की तबकड्या सर्वांत चिवट असतात. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुतल्यावर त्या बहुतेक वाजल्या, फक्त मधली लेबले सुटली. सीड्यांपैकी निम्म्या वाचल्या. कॅसेटच्या आत मात्र पुराचा तो बारीक, साबणासारखा गाळ शिरला होता आणि रीळ एकमेकाला चिकटून गेले होते. वडील त्यांना हात लावत नव्हते. ते ओली कार्डे सुटी करून वर्तमानपत्रावर ओळीने वाळत घालत होते. मी म्हणालो, “अण्णा, कॅसेटच गेल्या, आता कार्डांचं काय करायचं?” त्यावर ते म्हणाले, “गाणी कुठंही मिळतील रे. ही नावं कुठं शोधशील?”

अण्णा आता नाहीत. काकांच्या दुकानालाही पुराने झोडपले होते, तरी त्यांनी चिखल काढून पुन्हा फळ्या लावल्या. आता मात्र त्यांचे गुडघे साथ देत नाहीत आणि दिवाळीनंतर मागच्या मांडण्या काढून टाकायच्या, असे त्यांनी परवा सांगितले. संध्याकाळी पाच ते आठ दुकान उघडे असते. ज्यांना जमेल त्यांनी जाऊन यावे. नाट्यसंगीताच्या फळीवर अजून चाळीसेक कॅसेट आणि थोड्या सीडी आहेत.

घरातल्या जुन्या कॅसेट भंगारात घालण्याआधी त्यांच्या कार्डांचे फोटो तेवढे काढून ठेवा, अशी माझी सर्वांना विनंती आहे. मी गेल्या दोन महिन्यांत अण्णांच्या १४६ कार्डांचे फोटो काढले आणि त्यांवरची माहिती वहीत उतरवली. नऊ कार्डांवरची बरीच अक्षरे पुराने धुऊन नेली आहेत. त्यांतल्या एकाचा फोटो सोबत जोडला आहे. अण्णा ही कॅसेट दर रविवारी सकाळी लावत असत. गायिकेचे नाव वाचता येते, तबलावादकाचे अर्धे वाचता येते, पण ऑर्गन कोणी वाजवला आहे तिथे कागदच उरलेला नाही. कोणाच्या घरी हीच कॅसेट असेल, तर कृपया डबी उघडून ते नाव मला कळवावे.