चहा महागला म्हणून अमेरिका पेटली नव्हती

'इंग्रजांनी जबर कर लावून चहा महाग केला, चिडलेल्या अमेरिकनांनी तो बॉस्टनच्या समुद्रात फेकला आणि अख्खा देश एकदिलाने स्वातंत्र्यासाठी उठला' असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं चहा फेकल्याचं तेवढं खरं आहे.

आधी महागाईचं बघू. 1773 च्या चहा कायद्याने चहा उलट स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनीची गोदामं न खपलेल्या चहाने भरली होती, कंपनी कर्जात बुडाली होती. तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटने इंग्लंडमधल्या जकातीत सूट दिली आणि माल थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर होता, पण तो 1767 पासूनचाच. स्वस्त चहा घेताना तो कर भरला की आपल्यावर कर लादायचा पार्लमेंटचा हक्क मान्य केल्यासारखं होणार, हे खरं दुखणं होतं. स्थानिक व्यापाऱ्यांचा आणि डच चहाची चोरटी आयात करणाऱ्यांचा धंदा बुडणार होता, तेही खरंच. शिवाय या कंपनीचे प्रताप तिकडे ठाऊक होते. 1770 च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली आणि कंपनी वसुली करत राहिली. फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी 1773 च्या पत्रकात बंगालच्या त्या भूकबळींचाच दाखला देऊन लोकांना सावध केलं होतं. आपल्याकडच्या वाचकाला तरी हा धागा माहीत असायला हवा.

कर जबर होता, हेही टिकत नाही. इंग्लंडमधला माणूस त्याहून कितीतरी जास्त कर भरत होता. 1765 चा स्टॅम्प कायदा विरोधामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, पण त्याबरोबरच पार्लमेंटने ठणकावलं की अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींसाठी वाटेल त्या बाबतीत कायदे करायचा अधिकार आमचाच आहे. भांडण या अधिकाराचं होतं.

आता या मजकुरातून पार गळालेला भाग. चहा फेकला 16 डिसेंबर 1773 ला आणि बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावी युद्धाची पहिली गोळी सुटली 19 एप्रिल 1775 ला. मधल्या सोळा महिन्यांत काय झालं? शिक्षा म्हणून बॉस्टन बंदर बंद केलं. बॉस्टन ज्या वसाहतीत आहे त्या मॅसॅच्युसेट्सचं वरिष्ठ मंडळ राजनियुक्त केलं. वर्षातून एकदा होणारी नेहमीची सोडली तर गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय भरवायची नाही, असा कायदा आला. गावचा रस्ता, शाळा, पाद्र्याचा पगार असले विषय ज्या सभेत ठरायचे, तीच बंद! मग ज्यांनी बॉस्टनचं बंदर कधी पाहिलंही नसेल असे शेतकरी उठले. 6 सप्टेंबर 1774 ला मॅसॅच्युसेट्समधल्याच वूस्टर गावात सदतीस गावांतले साडेचार हजारांवर पुरुष रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा धरून उभे राहिले. नव्या कायद्याखाली न्यायालय चालवायला आलेल्या न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन त्या रांगांमधून चालायला लावलं, आणि आपण हे काम करणार नाही असं लिहिलेला कागद तीसहून जास्त वेळा मोठ्याने वाचायला लावला, म्हणजे शेवटच्या माणसालाही ऐकू जावं. एकही गोळी न झाडता तिथलं इंग्रजी राज्य त्या दिवशी संपलं. या लोकांना बाजूला सारून सगळं श्रेय चहाच्या पेट्यांना देणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिला 'एकदिलाने स्वातंत्र्य' हा दावा. लढाई सुरू झाल्यावरही, जुलै 1775 मध्ये, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, इंग्लंडच्या राजाला समेटाचा अर्ज पाठवला. तिसऱ्या जॉर्जने तो झिडकारला आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचं जाहीर केलं. लेखक थॉमस पेनने उघडपणे स्वातंत्र्य मागितलं ते जानेवारी 1776 मध्ये, आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला जुलैत. एकी तर तेव्हाही नव्हती. हजारो लोक राजाच्या बाजूने राहिले आणि पुढे देशोधडीला लागले. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी बंडखोरांच्या गुलामांपैकी जे इंग्रजांकडून लढतील त्यांना मुक्त करू असं जाहीर केलं, तेव्हा शेकडो गुलाम मालकांना सोडून तिकडे पळाले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची वाट इंग्रजी छावणीतून जात होती. 1783 मध्ये युद्ध संपलं तेव्हा सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय माणसं इंग्रजांच्या जहाजांतून न्यूयॉर्क सोडून गेली, त्यातली बहुतेक आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला.